सेवेच्या वाटेने : विसाव्या शतकारंभीची महाराष्ट्रीय स्त्री

सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या कानांना ‘सेवा’ हा शब्द इतका सरावाचा झालेला असतो की त्याचा मूळ अर्थ त्याला सहसा आठवत नाही. सेवापुस्तक, सेवाकाल, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती या साऱ्या शब्दांतून पगार, बढती, बदली आणि अखेरीस निवृत्तिवेतन एवढाच बोध आपणास होतो. देवघरातील सेवा किंवा सासूसासऱ्यांची सेवा हिचा या कचेरीतील सेवेशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्री घराबाहेर पडली ती नेमकी या दोन अर्थांच्या मधल्या अरुंद वाटेने. तिने हक्क मागितला असता तर तिच्यासाठी दार उघडले नसते. ‘आम्हांस सेवा करू द्या’ असे ती म्हणाली, तेव्हा ते किलकिले झाले. या वाटेने तिला काय लाभले आणि त्या लाभाची कोणती किंमत तिला मोजावी लागली, याचा हिशेब मांडण्याचा प्रस्तुत लेखात आमचा विचार आहे.

स्त्रीच्या शिक्षणाचा प्रश्न विसाव्या शतकाने प्रथम उपस्थित केला, असे मुळीच नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्येच पुण्यात मुलींची शाळा काढली होती. 1882 मध्ये ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषजातीस जे खडे सवाल विचारले, त्यांची धार आजही बोथट झालेली नाही. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. पण पुढच्याच वर्षी, 1887 च्या फेब्रुवारीत, क्षयाने त्यांचा अंत झाला. बालपणी लावून दिलेल्या लग्नास बांधलेले राहण्याचे नाकारून रखमाबाईंनी न्यायालयातील खटला वर्षानुवर्षे झुंजविला, पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथील रुग्णालयांत त्यांनी आपले कर्तृत्व वेचले. गुजरातेत नोकरीनिमित्त राहिलेल्या आमच्या काही वाचकांनी तेथे त्यांचे नाव ऐकलेही असेल. तथापि ही सारी एकेकट्या स्त्रियांची उदाहरणे होत. असामान्य मनोधैर्य अंगी असलेल्या एखादीने जे केले, ते सामान्य घरातील, सामान्य बुद्धीच्या, कोणाचेही पाठबळ नसलेल्या बाईस करता येईल काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाने अनुत्तरित ठेवला आणि तो पुढच्या शतकाच्या पदरात पडला.

आणि अशी निराधार बाई घरोघर होती. बालविवाहाच्या रूढीमुळे ब्राह्मणादी पांढरपेशा वर्गात बालविधवांची संख्या मोठी होती. केशवपन करून, आलवण नेसवून, मंगल कार्यापासून दूर ठेवलेल्या या स्त्रीचे घरातील स्थान विलक्षण असे. तिचे दर्शन अशुभ. पण तिचे श्रम मात्र सर्वांस हवेसे. पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या उष्ट्यांपर्यंत आणि बाळंतिणीच्या शेकशेगडीपासून आजाऱ्याच्या उशापर्यंत सारा भार तिने वाहावा, आणि त्याबद्दल तिला दोन लुगडी व एक वेळचे जेवण मिळावे, हा सर्वमान्य व्यवहार होता. सेवा तर ती करीतच होती. प्रश्न एवढाच होता की त्या सेवेचे मोल कोणी करावे आणि ते कोणाच्या हाती पडावे.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईस ‘शारदा सदन’ काढून या प्रश्नाला पहिल्याने हात घातला. पुढल्या वर्षी ती संस्था पुण्यास आली. परंतु तेथील मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागल्याचा बोभाटा 1893 च्या सुमारास झाला, सुधारक मंडळींनीही आपला आधार काढून घेतला आणि कित्येक पालकांनी आपापल्या मुली परत नेल्या. या वादात कोणाचे किती चुकले, हे ठरविण्याची ही जागा नव्हे. पुढील संस्थांनी त्यातून घेतलेला धडा मात्र ध्यानात ठेवावयास हवा. विधवेस शिकवावयाचे तर आधी तिच्या बापाचा, भावाचा आणि सासऱ्याचा विश्वास संपादिला पाहिजे. आणि तो विश्वास बंडाच्या भाषेने मिळणे शक्य नाही.

हा धडा ज्यांनी मनोमन घेतला, त्यांत धोंडो केशव कर्वे अग्रगण्य होत. त्यांनी 1893 मध्ये शारदा सदनातीलच गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यापायी मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि वृद्ध मातेस फार सोसावे लागले. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तेव्हा स्वतः पुनर्विवाह केलेल्या या गृहस्थाने आश्रमाच्या कार्यातून पुनर्विवाहाचा प्रचार कटाक्षाने वगळला. आश्रमात विधवेस शिक्षण मिळेल, ती स्वतःच्या पायांवर उभी राहील. तिने विवाह करावा की करू नये, हा आश्रमाचा विषय नव्हे. पुष्कळांना हा भित्रेपणा वाटला. आमच्या मते तो पक्का व्यवहार होता. 1900 मध्ये, प्लेगच्या दिवसांत, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेण्यात आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर एक झोपडी, आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी पायी तेथे जाणारे कर्वे, असा तो आरंभ होता. शहरापासून ही जी दूरता होती, ती मुलींच्या संरक्षणाचे साधन ठरली. गावाच्या नजरेआड राहूनच त्या मुली उद्या गावापुढे उभ्या राहण्याची तयारी करीत होत्या.

आश्रमाने घडविलेल्या स्त्रियांमध्ये पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र या दृष्टीने फार बोलके आहे. या कर्व्यांच्या पत्नीच्या भगिनी. लहान मुलाला पदरात घेऊन त्या विधवा झाल्या, वयाची पंचविशी उलटल्यावर अक्षरे गिरवू लागल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. गावोगाव जाऊन अपरिचित पुरुषांच्या सभेत बोलावयाचे आणि लोकांपुढे झोळी पसरावयाची, हे काम पुरुषांनाही जड जाते. 1918 मध्ये, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे होत आली असता, इंग्रजी नीट येत नसताना त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी उदरनिर्वाह केला, भाषा शिकून घेतली आणि आश्रमासाठी निधी जमवून 1920 मध्ये त्या परत आल्या. माहेरी किंवा सासरी हेच घरकाम जन्मभर करूनही ज्या स्त्रीच्या हाती कपर्दिक पडली नसती, तिला ते परमुलखात केल्यावर रोख मजुरी मिळाली. काम एकच, मोल मात्र निराळे. ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मचरित्राचे खरे मर्म आम्हांस यातच दिसते.

हिंगण्याचा आश्रम शहराबाहेर राहिला. शहराच्या मध्यभागी हेच कार्य उभे केले ते रमाबाई रानडे यांनी. त्यांचा जन्म 1862 चा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती विद्वान, विख्यात आणि वयाने बरेच मोठे. त्यांनी पत्नीस शिकविण्याचा आग्रह धरला आणि त्याच आग्रहापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा जाच तिच्या वाट्यास आला. 1884 मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरांपुढे त्यांनी इंग्रजीत भाषण वाचले, तेव्हा बाहेर जयजयकार आणि घरात बोलणी, असा दुहेरी अनुभव त्यांनी घेतला. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात हे सारे त्यांनी कोणताही कडवटपणा न आणता सांगितले आहे. त्या ग्रंथाचे सर्वनाम ‘आमच्या’ असे आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आपले आयुष्य पतीच्या आयुष्याहून वेगळे म्हणून सांगावे, ही कल्पनाच त्या पिढीच्या सुशिक्षित स्त्रीस मानवली नसती.

परंतु 1901 मध्ये न्यायमूर्तींचे निधन झाल्यानंतरची तेवीस वर्षे रमाबाईंची स्वतःची होती. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. 1904 मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईस सेवासदन स्थापिले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. पुढल्याच वर्षी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्याचे सेवासदन रानड्यांच्या वाड्यात सुरू झाले. देवधर हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते. म्हणजे तेथेही शब्द ‘सेवक’ हाच. देशसेवेची जी दीक्षा पुरुषांस मिळत होती, तिच्याच शेजारी स्त्रीसाठी एक पाट मांडला गेला.

पुण्याच्या सेवासदनाने जी अनेक कामे केली, त्यांपैकी दोन आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. एक, प्राथमिक शिक्षिका तयार करणे. आणि दुसरे, ससून रुग्णालयात पाठवून परिचारिका व सुईणी तयार करणे. शिक्षिकेचे काम समाजाने तुलनेने लवकर पत्करले. मुलींच्या शाळेवर बाई असावी, हे सनातन्यांनाही पटण्यासारखे होते. किंबहुना पुरुषांपासून मुलींना दूर ठेवावयाचे तर शिक्षिका हवीच, असा तर्क त्यांच्याच मतातून निघत होता. परिचारिकेचे तसे नव्हते. ब्राह्मण घरातील विधवा, जिच्या सोवळ्याओवळ्याकडे सारे घर डोळे लावून बसलेले, तिने रुग्णालयात जावे, परजातीच्या रोग्याचा स्पर्श सहन करावा, रक्त आणि मलमूत्र आवरावे, आणि परक्या पुरुषाची शुश्रूषा करावी! सुईणपण तर हलक्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांचे काम म्हणून ठरलेले. आपण आज ज्या सहजतेने रुग्णालयातील परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, त्या सहजतेपूर्वी किती घरांत उपास आणि अश्रू झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

हा डोंगर जर कशाने हलला असेल, तर तो ‘सेवा’ या शब्दानेच. आजाऱ्याची सेवा हे पुण्यकर्म. विधवेचे जीवन संयमाचे आणि परोपकाराचे असावे, असे शास्त्रही सांगते. मग तिने एका घराऐवजी अनेक घरांची सेवा केली तर धर्म कोठे बुडाला? या युक्तिवादास उत्तर देणे सनातन्यांस कठीण गेले, कारण तो त्यांच्याच भात्यातील बाण होता. रमाबाईंचे शांत बोलणे, न्यायमूर्तींच्या नावाचे वलय आणि घरातल्यासारखी शिस्त यांनी त्या युक्तिवादास बळ दिले. सेवासदनात केवळ विधवाच नव्हे, तर विवाहित स्त्रियाही दुपारच्या वर्गांस येऊ लागल्या. विधवेसाठी पाडलेल्या खिंडारातून सवाष्ण बाहेर आली, हा या इतिहासातील एक विलक्षण क्रम आहे. घरास जिची गरज नव्हती तिला आधी मोकळीक मिळाली, आणि जिच्यावाचून घर चालत नव्हते तिने तिच्याकडे पाहून आपली वाट धरली.

आता या सेवेबरोबर वेतन आले, आणि वेतनाने असे काही घडविले की जे संस्थांच्या नियमावलीत कोठेच लिहिलेले नव्हते. दर महिन्यास आपल्या सहीने पैसे घेणारी स्त्री ही मराठी समाजात नवीनच व्यक्ती होती. तिला भावाच्या संसारात आश्रित म्हणून राहण्याचे कारण उरले नाही. उलट भावाच्या मुलाची फी भरण्याचे सामर्थ्य तिला आले. शाळेवर नेमणूक झाली की तिला परगावी जावे लागे. तेथे बिऱ्हाड शोधणे, वरिष्ठांशी पत्रव्यवहार करणे, रजेचा अर्ज लिहिणे, बदलीचा हुकूम आल्यावर पुन्हा ट्रंक भरणे, हे सारे तिच्या नशिबी आले. परप्रांतात बदलीवर राहणाऱ्या आमच्या वाचकांस या कामांचा कंटाळा ठाऊक आहे. परंतु जिने माहेर आणि सासर यांखेरीज तिसरे घर पाहिलेले नव्हते, तिला या कटकटींतच प्रथम समजले असेल की आपण कोणाची तरी लेक, सून किंवा विधवा यांहून निराळ्या कोणी आहोत.

एवढे सांगितल्यावर या वाटेच्या मर्यादांकडे वळणे प्राप्त आहे. कारण सेवेच्या नावाने जे मिळाले, त्याची कक्षाही त्या नावानेच आखून दिली. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचून त्यांच्या मनात ही कल्पना दृढ झाली होती. आरंभी कॉलेजात विद्यार्थिनी पाचच. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम, ही त्या विद्यापीठाची थोरवी निःसंशय होय. इतर विद्यापीठांस हे शहाणपण सुचावयास कित्येक दशके लागली. परंतु मुलींचा अभ्यासक्रम मुलांहून निराळा असावा, त्यात गृहजीवनास उपयोगी विषयांस स्थान असावे, या भूमिकेवर त्या काळीही टीका झाली. निराळे म्हणजे दुय्यम तर नव्हे, ही टीकाकारांची शंका अनाठायी नव्हती. विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळाली ती 1951 मध्ये. तोवर पस्तीस वर्षे त्याच्या पदवीधर स्त्रियांना आपली पदवी खरी आहे, हे लोकांस पटवीत राहावे लागले.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. सेवेची ही सारी भाषा ज्या घरांत स्त्रीने कमावणे अप्रतिष्ठेचे मानले जाई, त्या घरांपुरती होती. शेतात, बाजारात आणि रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या बहुसंख्य मराठी स्त्रिया कधी घरात बसलेल्याच नव्हत्या. त्यांना घराबाहेर पडण्यासाठी कोणा सदनाची परवानगी लागत नव्हती. 1920 नंतरच्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रीळ व वाइंडिंग या खात्यांत त्या दिवसभर उभ्या असत. त्यांच्या कामास कोणी सेवा म्हटले नाही, आणि त्या कामातून त्यांची मुक्ती झाली असेही कोणी लिहिले नाही. प्रसूतीच्या काळात त्यांना काही भत्ता मिळावा, यासाठी मुंबई इलाख्यात कायदा झाला तो 1929 मध्ये. मध्यमवर्गीय स्त्रीस वेतन हे स्वातंत्र्याचे दार वाटले. गिरणीतील स्त्रीस वेतन मिळत असूनही विश्रांती, आरोग्य आणि मान यांसाठी झगडावे लागले. स्त्रियांच्या प्रगतीचा इतिहास लिहिताना ही दुसरी स्त्री आपण वारंवार विसरतो.

अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रीची वाट तर याहून बिकट. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली, तेव्हा त्यांच्या भगिनी जनाक्का यांनी त्या कार्यास वाहून घेतले. परंतु बाहेरून आलेल्या सेवेने प्रश्न सुटत नाही, हे लवकरच दिसून आले. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी स्वतःच्या समाजातील मुलींसाठी शाळा काढली. 1927 च्या महाडच्या लढ्यात डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. 1942 च्या जुलैत नागपुरास भरलेल्या दलित महिला परिषदेस हजारो स्त्रिया जमल्या आणि सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. तेथील भाषा सेवेची नव्हती. ती उघडउघड हक्काची होती.

मध्यमवर्गातही सेवेकडून हक्काकडे जाण्याची वाट हळूहळू तयार होत होती, आणि ज्यांनी सेवासदन उभारले त्यांनीच ती चालावयास घेतली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार 1918 च्या कायद्याने नगरपालिकांस मिळाला. पुण्यात प्रश्न असा निघाला की पैसा अपुरा असल्याने सक्ती आधी केवळ मुलांना लागू करावी. सक्ती मुलींनाही एकाच वेळी लागू झाली पाहिजे, यासाठी रमाबाई रानडे व त्यांच्या सहकारिणींनी सभा घेतल्या. पुण्यातील स्त्रिया आपल्या मागणीसाठी रस्त्यावर आल्या. काही वर्षांपूर्वी ‘सेवा करू द्या’ म्हणणाऱ्या याच बायका आता ‘आमच्या मुलींचा वाटा द्या’ असे म्हणत होत्या. 1921 मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. तो मालमत्तेच्या अटींनी बांधलेला होता हे खरे, पण केवळ स्त्री म्हणून असलेली आडकाठी गेली. या चळवळीतही रमाबाई अग्रभागी होत्या. 1924 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून नव्हे, तर एका संस्थेच्या आणि एका पिढीच्या माता म्हणून लोकांनी त्यांस निरोप दिला.

येथे महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजाचा उल्लेख अगत्याने करावयास हवा. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, ते मुलींसह. पुण्यात ज्या गोष्टीवर अद्याप वाद व्हावयाचा होता, ती बडोद्यात कायदा होऊन बसली होती. तेथील महाराणी चिमणाबाई 1927 च्या जानेवारीत पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा झाल्या. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राजवाडे यांची कथाही अशीच. या मूळच्या नागूताई जोशी, शिक्षणाने डॉक्टर; 1917 मध्ये माँटेग्यूसाहेबांपुढे स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी घेऊन गेलेल्या शिष्टमंडळात त्या होत्या. पुढे राष्ट्रीय नियोजन समितीने नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रीच्या स्थानाचा विचार करण्यासाठी जी उपसमिती 1939 मध्ये नेमली, तिच्या त्या अध्यक्षा झाल्या. स्त्री घरात जे श्रम करते त्यांनाही आर्थिक मोल आहे, असा विचार त्या उपसमितीने मांडला. शतकाच्या आरंभी विधवेच्या ज्या श्रमांस कोणी मोजत नव्हते, त्यांची गणना राष्ट्राच्या योजनेत व्हावी असे म्हणण्यापर्यंत मजल गेली ती अवघ्या चार दशकांत. परप्रांतातील मराठी माणूस मायभूमीच्या मागे पडतो, अशी एक समजूत आहे. स्त्रीजीवनाच्या इतिहासात तरी बडोदे आणि ग्वाल्हेर यांनी पुण्यास पुष्कळदा वाट दाखविली, हे आपण अभिमानाने सांगू शकतो.

मग सेवेच्या वाटेचा निकाल काय लावावा? ती वाट धरणाऱ्यांनी समाजाशी तडजोड केली, यात संशय नाही. त्यांनी पुरुषाच्या सत्तेस सरळ आव्हान दिले नाही, जातीच्या भिंती पाडल्या नाहीत, आणि स्त्रीचे काम म्हणजे शिकविणे व शुश्रूषा करणे असा एक नवा साचा मागे ठेवला. तो साचा आजही पूर्णपणे मोडलेला नाही. परिचारिका आणि बालवाडीची शिक्षिका यांनी अधिक वेतन मागितले की त्यांस ‘हे तर सेवेचे क्षेत्र’ अशी आठवण करून दिली जाते. पुरुष अधिकाऱ्याच्या पगारवाढीच्या वेळी मात्र या शब्दाची आठवण कोणास होत नाही. हे त्या तडजोडीचे देणे आपल्या पिढीवर राहिलेले आहे.

तथापि ताराबाईंचे सवाल जागच्या जागी राहिले आणि हिंगण्याची झोपडी वाढत गेली, हेही तितकेच खरे. सवालांवाचून झोपडीस दिशा मिळाली नसती. आणि झोपडीवाचून ते सवाल वाचावयास शिकलेल्या हजारो स्त्रिया निर्माण झाल्या नसत्या. परिचारिकेचा पोशाख चढवून ससूनच्या पायऱ्या चढणाऱ्या पहिल्या विधवांना आपण इतिहास घडवीत आहोत असे वाटले नसेल. त्यांना महिनाअखेरीस हाती येणारे रुपये आणि त्यांमुळे कोणापुढे पदर पसरावा न लागण्याचे सुख, एवढेच दिसत असेल. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज पत्नी, कन्या किंवा सून यांचीही सेवापुस्तके आहेत. त्यांतील नेमणुकीच्या, बदलीच्या आणि वेतनवाढीच्या नोंदी आपणास रूक्ष वाटतात. पण घरात आयुष्यभर राबूनही ज्यांच्या श्रमांची एका ओळीनेही नोंद झाली नाही, त्यांच्या पुढच्या पिढीने ही नोंद मिळविलेली आहे, एवढे भान ती पाने उलटताना आपण ठेवावयास हवे.